पहिलं जाळं कुणाचं

कुंताबद्दल लिहायचं तर आधी तिच्या बापाची चूक लिहावी लागते. सोमाजीभाऊ म्हणजे वडसाकडच्या आमच्या गावातल्या ढिवरांचा, म्हणजे मासेमारांचा, मुखिया. दर वर्षी मार्चात तलावाचं पाणी उतरलं की पहिलं जाळं त्याच्या घरचं पडायचं. ते पडल्याशिवाय कोणी पाण्यात पाय घालत नसे. आणि एकाच वेळी दोन जाळी पडली, तर तलाव वर्षभर बंद. हा कायदा कुठं लिहिलेला नाही, म्हणूनच मोडायची कोणाची हिंमत नाही.

भाऊला मुलगा नव्हता. कुंता एकटीच. भाऊचा खांदा निकामी झाल्यापासून चार वर्षं जाळं तीच फेकत होती. बाप नुसता दोरीला हात लावून डोंग्यात, म्हणजे लाकडी होडीत, उभा. मरायच्या आधी त्यानं एकेचाळीस घरांच्या कर्त्यांच्या सह्या-अंगठे घेतले: माझ्यामागं पहिल्या जाळ्याचा मान कुंताचा.

मी गावच्या शाळेतला मास्तर. कुंतासमोरच त्याला तोंडावर सांगितलं, "भाऊ, ऑस्ट्रियाच्या सम्राटानं हेच केलं होतं. पोरीसाठी युरोपभरच्या राजांच्या सह्या घेतल्या. १७४० मध्ये तो मेला, आन् दोन महिन्यांत प्रशियाच्या राजानं तिच्या मुलखात फौज घुसवली. सह्या गेल्या चुलीत."

भाऊ हसला. "ते राजे होते बाबू. ढिवर शब्द फिरवत नाई."

फिरवला. तेरवीचं जेवण पचायच्या आत फिरवला. भाऊचा पुतण्या हेमराज घरोघरी गेला: "पोरगी उद्या लगन करून जाईन. मान का सासरी नेते?" अंगठे देणारे बहाद्दर खाली मुंडकं घालून तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळत बसले.

जाळ्याच्या दिवशी सकाळी कुंता कमरेइतक्या पाण्यात उभी. वीस हातांवर हेमराज, जाळं खांद्यावर. पाळेवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, सारं गाव टोपल्या घेऊन.

"टाक ना, टाक!" हेमराज ओरडला. "तू टाकलं का मीबी टाकतो. मंग खाय वर्षभर चिखल."

"तुह्या घरचेबी तेच खातीन, दादा."

"खाऊ दे."

तो टाकणार होता. मी त्याला लहानपणापासून ओळखतो. मी पाळेवरून ओरडलो, "एक वीतबी सोडू नोको, कुंता!"

तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. "गुरुजी, त्या राजाच्या पोरीचं आखरीले का झालं?"

"आठ वर्षं लढाई चालली. गादी राह्यली तिची."

"आन् तिच्या हातून का गेलं?"

मी हेमराजच्या जाळ्याकडं पाहिलं.

"सांगा ना!"

"सिलेशिया. तिचा लय कमाईचा प्रांत. परत भेटला नाई."

हेमराजनं जाळ्याची दोरी मनगटाला गुंडाळली.

"दादा," कुंता म्हणाली, "गावामागची बोडी घे." ते लहानसं तळं; त्याचा मानही आणि त्यातली मासळीही तिच्याच घरची. "तिथलं पहिलं जाळं तुह्यं, तुह्यामागं तुह्या पोरायचं. तलाव माहा. आत्ताच सांग, साऱ्यायसमोर."

तो दोरी चाचपत राहिला. पाळेवरून त्याची बायको रोशनी कडाडली, "हो म्हना ना जी! पोट्टे उपाशी मारता का?"

कोणीतरी फिसकन हसलं. हेमराजनं दोरी सोडली, जाळं खांद्यावरून उतरवलं.

कुंताचं जाळं हवेत गोल उघडलं आणि पाण्यावर पडलं. सारे घुसले तलावात. अंगठेवाले सगळ्यात पुढं, जसं काही झालंच नव्हतं.

मी तिच्यावर भडकलो. "बोडी काऊन देल्ली? हक्क तुहा होता!"

"त्या रानीपाशी फौज होती, गुरुजी," ती जाळं पिळत म्हणाली. "माह्यापाशी तुमी एकटे. तेबी पाळेवर."

त्या बोडीतले झिंगे तिची आई अन्नपूर्णाबाई रोज धरायची. बाई दोन दिवस पोरीशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी टोपली घेऊन तलावावर आली आणि न बोलताच तिच्या डोंग्यात बसली.