लोळा नसलेली घंटा

वानखेडे बाई नसत्या तर मी आज पांढुर्ण्यात बाबांसारखाच संत्र्यांच्या पेट्या ठोकत बसलो असतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. बाईंनी मला प्राथमिक शाळेत शिकवलं, कॉलेजात घालायला बाबांचं मन वळवलं, आणि पदवी झाल्यावर जबलपूरला त्यांच्या सख्ख्या भाच्याला फोनही त्यांनीच केला. त्या फोनवर मला नोकरी लागली. हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं यावरच अडलं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे, भुताखेताचं मला काही वाटत नाही. या सदरातले अनुभव मी चहा पिता पिता वाचायचो आणि बायकोला हसत हसत सांगायचो. आता स्वतःच लिहितोय... हसू येत असेल तर हसा. पण मला इथे भीती सांगायची नाहीये. मला राग सांगायचाय.

आमचं ऑफिस अधारतालहून महाराजपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, टाइल्सच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर. वर गच्ची. काम म्हणजे फोनवरून मुलांचे ऑनलाइन क्लास विकणे. पालकांना फोन लावायचा, तुमचा मुलगा मागे पडतोय म्हणून घाबरवायचं आणि कोर्स गळ्यात मारायचा. मी एका टीमचा लीडर. मॅनेजर होते प्रशांत सर — बाईंचे भाचे.

सरांनी ग्वारीघाटच्या पूजासामानाच्या दुकानातून पितळेची मोठी घंटा आणून हॉलच्या मधोमध टांगली होती. सेल झाला की ज्याचा झाला त्याने घंटा वाजवायची, आणि सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवायच्या. सर हात वर करेपर्यंत थांबायचं नाही. आम्हाला याची इतकी सवय झाली होती की बाजूच्या गल्लीतल्या देवळात घंटा वाजली तरी आमच्यातले दोघं-तिघं खुर्चीतून अर्धे उठायचे. मग एकमेकांकडे बघून बसायचे.

आणि ज्याचा आठवडाभर सेल नाही, त्याने पुढचा आठवडा त्या घंटेखाली उभं राहून फोन करायचे. कानाला हेडसेट, डोक्यावर घंटा. सर म्हणायचे, "मोटिवेशन है ये."

तिथे सगळ्यात जास्त उभा राहिला तो नितेश. जबलपूरचाच मराठी पोरगा. आजोबा कारखान्यातल्या नोकरीसाठी इकडे आलेले, त्यामुळे मराठी सगळी समजायची पण उत्तर हिंदीत द्यायचा. त्याला खोटं बोलून विकता यायचं नाही. एकदा एका बाईला म्हणाला, "दीदी, आपका बच्चा ठीक है, रहने दीजिए." ते रेकॉर्डिंग सरांनी स्पीकरवर लावून सगळ्यांना ऐकवलं. लोक हसले. नितेशही हसला. त्यानंतर तो डबा खायचा बंद झाला, फोन लागला की घसा साफ करत राहायचा. मी सरांना म्हटलं, याला थोडी सुट्टी द्या. सर म्हणाले, "काहून? ताप आहे का? मन-बिन काही नसते रे. कामचोरपणा आहे."

त्याच सुमारास हेड ऑफिसातून तक्रार आली की घंटेचा आवाज गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये जातो. सरांनी स्वतः स्टुलावर चढून घंटेचा आतला लोळा काढला आणि आपल्या टेबलाच्या खणात टाकला. घंटेऐवजी बझर येणार होता. तोवर नुसती पोकळ घंटा लटकत होती. उभं राहण्याची शिक्षा मात्र चालूच, त्या आठवड्यातही नितेशलाच. हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं, कृपा करून लक्षात ठेवा.

एके दिवशी दुपारी जेवणानंतरची वेळ. सगळे फोनवर. आणि घंटा वाजली.

खणखणीत... भर आरतीत वाजते तशी. आणि आम्ही काय केलं? उठलो आणि टाळ्या वाजवायला लागलो. पूर्ण हॉल. मीसुद्धा. सर केबिनमधून टाळ्या वाजवतच बाहेर आले, हात वर केला, म्हणाले, "शाबाश, किसका हुआ?"

घंटा परत वाजली. मी तिच्याकडेच बघत होतो. ती हलत नव्हती. साखळीसुद्धा स्थिर होती.

माझ्या शेजारची दीपा हळूच म्हणाली, "सर, इसके अंदर तो कुछ है ही नहीं."

तेव्हा माझं लक्ष घंटेखाली गेलं. नितेश नव्हता. त्याचा हेडसेट जमिनीवर नीट गुंडाळून ठेवलेला होता.

गच्चीच्या जिन्याचं दार उघडं दिसलं. मी जिन्याने वर धावलो. तो गच्चीच्या कठड्यावर बसला होता, पाय बाहेरच्या बाजूला. मागे न बघताच त्याने विचारलं, "दादा, नीचे ताली क्यों बज रही थी? किसका सेल हुआ?"

मी समजूत घालत बसलो नाही. जे खरं तेच बोललो.

"कोणाचाच नाही. घंटा आपोआप वाजून राहिली होती."

"झूठ. उसमें लटकन कहाँ है?"

"नाही ना. म्हणून तर सगळे तोंड उघडे टाकून उभे आहेत. सरसुद्धा. चल, पाहून घे."

त्याने मान वळवून विचारलं, "सर भी?"

"सर सगळ्यात जास्त."

तो किंचित हसला आणि त्याने एक पाय आत घेतला. मी त्याचा दंड धरला तो खाली येईपर्यंत सोडला नाही.

आता राग ऐका. आम्ही हॉलमध्ये आलो तेव्हा सरांचं पहिलं वाक्य होतं, "सीट छोड़ने से पहले पूछा किससे?" पोराला कोणी पाणी विचारलं नाही. ते दीपाने आणलं. मी त्याला रिक्षात घालून त्याच्या ताईकडे पोचवलं, तर त्याचा आणि माझा अर्ध्या दिवसाचा पगार कापला. पुढच्या आठवड्यात हास्ययोगवाला एक माणूस आला, त्याने आम्हाला हात वर करून मोठ्याने हसायला लावलं, फोटो काढले. पिवळे फुगे बांधले होते. बाहेर बोर्ड — 'आपका मन, हमारी ज़िम्मेदारी'. फुगे त्याच घंटेला बांधले होते.

मग सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कागद तयार होता. नितेशच्या घरी भांडणं होती, ऑफिसातून त्याला काही त्रास नव्हता, असं मी टीम लीडर म्हणून लिहून द्यायचं.

"सर, त्याच्या घरी काही भांडण नाही."

"तुला काय माहीत? सही कर, विषय संपव."

"त्याला तुम्ही घंटेखाली उभं करत होते."

"बरं, मग?" सर खुर्चीत मागे टेकले. "मावशीने तुझ्यासाठी किती फोन केले होते, आठवते ना? सही करून तुझं काय जाते?"

मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की काचेबाहेर सगळे उठून उभे राहिले. काय बोललो ते इथे छापण्यासारखं नाही. मग त्याच कागदाच्या पाठीमागे जे घडलं ते लिहिलं, खाली सही केली आणि बाहेर पडलो. परत गेलो नाही.

आता त्या घंटेचं. भास म्हणावा तर त्या वेळी दीपा फोनवर होती आणि पलीकडच्या गिऱ्हाइकाने तिला विचारलं होतं, "पीछे मंदिर है क्या?" देवळातली म्हणावी तर ते दुपारी बंद असतं. लोळा खणातच होता, सरांनी स्वतः काढून दाखवला. मी इंजिनिअर मित्रांना विचारलं, ते खांदे उडवतात. मीही विचार करणं सोडलंय.

बाईंना पाठवलेलं पत्र तेवढं खाली देतो.

*

सौ. वानखेडे बाईंना सा. न.

बाई, तुमच्या भाच्याचा फोन आला असेल. पोरगा उपकार विसरला, असं ते म्हणाले असतील. मी विसरलो नाही. तुम्ही लावून दिलेली नोकरी मी सोडली, आणि तुम्हाला न विचारता सोडली, याचं वाईट वाटतं.

पाढा चुकला की तुम्ही मला कधी उभं केलं नाही. स्वतःच्या खुर्चीजवळ पोत्यावर बसवायच्या आणि हळू आवाजात परत म्हणून घ्यायच्या. तुमच्याच घरच्या माणसाच्या ऑफिसात एक पोरगा उभा राहून राहून गच्चीपर्यंत गेला. तो वाचला. ताईकडे आहे, डॉक्टरांचं औषध सुरू आहे, थोडं जेवतो.

मी सरांना तोडून बोललो. त्याबद्दल तुम्ही सांगाल तर पांढुर्ण्याला येऊन तुमच्यासमोर त्यांची माफी मागीन. त्यांच्या कागदावर सही मात्र करणार नाही, बाई. तुम्ही सांगितलं तरी नाही.

तुमचा विद्यार्थी,
गजानन