ओट्यावरचं उत्तर

दिलशाद जुन्नरची. वडील तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करायचे. ती बारावीपर्यंत शिकली. काम एकच करते, लोकांच्या दारात जाऊन प्रश्न विचारते.

प्रश्न तिचे नसतात. पुण्या-मुंबईकडून शिकलेली माणसं येतात, त्यांना काही शोधायचं असतं आणि इथली दारं त्यांना माहीत नसतात. आधी अर्थशास्त्राचे लोक आले. शेतकरी कांदा साठवणीच्या चाळीत का थांबवून ठेवतो, हे त्यांना हवं होतं. मग इंजिनियरांनी कमी धुराची चूल आणली. बायका ती खरंच पेटवतात का, हे कळायला चुलीला धग नोंदवणारी एक डबी लावून दिलशाद वाड्या-वस्त्यांवर फिरली. बिबट्यांचा अभ्यास करणाऱ्यांसाठी कुत्रं कुठं झोपतं, शेळ्या कुठं बांधता, हे विचारलं. शेवटी डॉक्टरांचं काम आलं, साखरेच्या आजारावरच्या गोळ्यांचं. ओटे तेच, माणसं तीच.

मी चांगदेव. खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्यांवर राबलो. वर चढायचं, गंज खरवडायचा, रंग द्यायचा, गिअरला ग्रीस भरायचं. ग्रीस भरलंय की नुसतं फडकं फिरवलंय, ते खाली उभं राहून कळत नाही. वर चढावं लागतं. निवृत्त झालो तरी माणसं मी त्याच नजरेनं बघतो. दिलशाद कामात कुचराई न करणारी होती. पावसात आली, उन्हात आली. कुणी घरात नसलं तर पुन्हा आली. सांगितलेला नियम तिनं कधी मोडला नाही. ओट्यावर बसायचं, प्रश्न छापील तसाच विचारायचा, आत जायचं नाही. घरात गुंतलं की काम बिघडतं, असं तिला शिकवलेलं होतं.

आमच्याकडची रीत मात्र त्या शिकलेल्या माणसांना कुणी शिकवली नव्हती. दारात आलेला पाहुणा आम्ही नाराज करून पाठवत नाही. चूल पेटवता का, म्हटलं की पेटवतो. गोळ्या घेता का, म्हटलं की घेतो. त्यात खोटं बोलल्यासारखं कुणाला वाटत नाही. चहा देतो तसं उत्तर देतो.

माझ्या घरासमोर कुशाबाईचं घर. तिला साखरेचा आजार, म्हणून ती डॉक्टरांच्या चाचणीत होती. शेजारच्या खोलीत तिचा दीर हौशीराम राहायचा. बायको वारलेली, एक म्हैस, थोडं शेत. त्याला आजार असा नव्हता. पायाला मुंग्या येतात, एवढीच तक्रार.

तो श्रावणातला सोमवार होता. निम्मं गाव बेल्ह्याच्या बाजाराला गेलेलं, कुशाबाईचा नवराही. दिलशाद सकाळी स्कूटीवरून आली. मी माझ्या ओट्यावर विळ्याला धार लावत होतो. कुशाबाईनं नेहमीसारखी गोळ्यांची रिकामी पाकिटं दाखवली. सगळ्या घेतल्या म्हणाली. दिलशादनं तिच्या बोटाला सुई टोचली, यंत्र बघितलं आणि पुन्हा टोचली. साखर भलतीच वाढलेली होती. एवढ्या गोळ्या पोटात गेल्यावर ती तशी असायला नको होती.

दिलशादनं पुन्हा विचारलं. कुशाबाई पुन्हा घेतल्या म्हणाली, आणि पाहुणीला बरं वाटावं म्हणून वर एक जोडलं, "गोळी लई गुणाची हाय बघ. आमच्या भावजींच्या मुंग्या बी थांबल्या."

दिलशादचा हात थांबला. मी धार लावायचा थांबलो.

घरात चांगलं काही आलं की एकट्यानं खायचं नाही, ही कुशाबाईची सवय. खरवस असो, लाडू असो, वाटी शेजारी जायचीच. दिलशादनं खोदून विचारलं तेव्हा कळलं, औषधाचंही तिनं तेच केलं होतं. सकाळची स्वतः घ्यायची, संध्याकाळची दिराला द्यायची.

दिलशादनं डॉक्टरांना फोन लावला. त्यांचं ऐकून घेतलं. मग मला म्हणाली, "काका, हौशीरामभाऊ कुठं हायेत? त्यांचा आज उपास असंल."

उपास होताच. हौशीराम श्रावणी सोमवारी संध्याकाळपर्यंत पाण्याशिवाय काही घेत नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं तिनं मला थोडक्यात सांगितलं. आजार नसलेल्या माणसानं ही गोळी, आदल्या संध्याकाळची का होईना, घेतली आणि उपाशी राहिला, तर अंगातली साखर खाली जाते. माणूस आधी घामाघूम होतो, मग त्याला भ्रम होतो, मग पडतो. पडल्यावर वेळेत कुणी पोचलं नाही तर उठत नाही. रुग्णवाहिका निघाली होती, पण माणूस कुठं आहे ते आम्हालाच ठाऊक नव्हतं.

हौशीरामची म्हैस दावणीला हंबरत होती. तो वैरणीला बाहेर पडला होता. फोन त्याचा खोलीतच वाजला.

"वरच्या उसात गेलाय," कुशाबाई म्हणाली.

गावात उरलेली चार माणसं घेऊन आम्ही वरच्या उसाकडं पळालो. बांधावर प्रतिभा भेटली. बिबट्यांच्या अभ्यासाला आलेली मुलगी, झाडाला लावलेला कॅमेरा काढत होती. ती आडवीच आली. त्याच उसात पहाटे मादी पिलांसकट शिरलेली कॅमेऱ्यात दिसली होती. घोळक्यानं आत घुसलो तर ती अंगावर येईल, म्हणाली. आत माणूस पडला असेल हे कळल्यावर तिनं अडवणं सोडलं आणि कसं जायचं ते सांगितलं. सगळ्यांनी एका बाजूनं, आवाज करत, मादीला पळायला दुसरी बाजू मोकळी ठेवून. ती स्वतः पुढं झाली.

आम्ही बांधावर पडलेले रिकामे डबे वाजवत सरीसरीनं चाललो. पात्यांनी हात कापले. दोन पावलांपुढचं दिसत नव्हतं. पलीकडं ऊस सळसळला आणि सळसळ लांब गेली. हौशीरामच्या नावानं घसे बसले. ऊस संपला, माणूस नाही. गवत कापल्याची खूणही नाही.

मी दुसऱ्या तुकड्याकडं वळलो. दिलशाद जागेवर उभी राहिली. म्हणाली, "काका, मला ओट्यावरचं उत्तर मिळालंय." आणि ती गावाकडं फिरली.

मी तिच्या मागं होतो म्हणून पुढचं पाहिलं. इतकी वर्षं ती त्या घराच्या उंबऱ्याशी थांबत होती. त्या दिवशी तिनं चप्पल काढली आणि थेट आत गेली, चुलीपर्यंत. माठातलं पाणी स्वतःच्या हातानं घेतलं, घटाघटा प्यायली आणि कुशाबाईच्या समोर जमिनीवर बसली.

"मी आता पावणी न्हाई," ती म्हणाली. "किती गोळ्या दिल्या आणि ते कुठं गेले, हे मला पोरीला सांगावं तसं सांग."

कुशाबाईनं पदर तोंडाला लावला. दारात उभ्या माझ्याकडं बघितलं आणि खाली बघितलं. दिलशादला ते कळलं. मलाही कळलं. मी बाहेर गेलो. कान आतच होते.

"सकाळी त्यांनी दोन मागितल्या," कुशाबाई म्हणाली. "मुंग्या पुन्हा सुरू झाल्या व्हत्या. मी दिल्या. आणि गेलेत ते दुर्बिणीच्या तारेच्या आत. तिथं गवत लई हाय. चांगदेवभाऊ तिथलं माणूस, त्यांच्या देखत कसं सांगू?"

कुंपणाच्या आत गवत कापायला मनाई आहे. नोकरीत असताना मी कितीतरी जणांना हुसकावलं होतं. निवृत्त झालो तरी तिच्या लेखी मी पहारेकरीच होतो. हौशीरामचा जीव जात होता आणि ती माझ्यापासून त्याची गवताची चोरी झाकत होती.

रागवायला वेळ नव्हता. साखरेचा डबा उचलला आणि दिलशादच्या मागं स्कूटीवर बसलो. पोरं कुंपणाची तार कुठं वाकवतात, मला माहीत होतं. पूर्वी मीच ती सरळ करायचो.

तबकडीच्या पायथ्याशी भारा अर्धा बांधलेला होता. हौशीराम त्याच्या पलीकडं मातीत बसला होता, पाय पसरून. सदरा घामानं चिकटलेला. विळा हातात, आणि तो हवेत गवत कापत होता. मी हाक मारली, त्यानं मला ओळखलं नाही. विळा माझ्याकडं उगारला. मी बाजूनं जाऊन मनगट धरलं. एवढ्या राबत्या माणसाच्या हातात लहान मुलाइतकं बळ नव्हतं.

दिलशादनं फोनवर डॉक्टरांना विचारलं. गिळता येत असेल तरच द्या, नाहीतर तोंडात पाणीसुद्धा ओतू नका, असं ते म्हणाले. हौशीराम थुंकी गिळत होता. तिनं साखर चिमटीत धरून ओठाशी नेली. त्यानं दात आवळले.

"उपास हाय," तो म्हणाला. जीभ जड झाली होती, पण तेवढं स्पष्ट आलं.

मी जबडा दाबणार होतो. तिनं मला हातानं थांबवलं. जबरदस्तीत घशात अडकलं असतं. ती त्याच्या कानाशी वाकली.

"आमच्यात जिवावर बेतलं तर रोजा सोडायला मुभा हाय. तुमचा महादेव काय त्याहून कडक हाय का, भाऊ?"

तो तिच्याकडं बघत राहिला. काय कळलं, किती कळलं, कोण जाणे. डोळे मिटायला लागले. मी त्याचं डोकं सावरून धरलं. मग दात थोडे सुटले. तिनं साखर हिरडीला चोळली, पुन्हा चिमूट, पुन्हा चोळली. घसा हलला. आणखी एकदा हलला. वर तबकडी आपली वळत होती. आकाशातलं काहीतरी ऐकण्याचं तिचं काम चालू होतं.

बऱ्याच वेळानं हौशीराम म्हणाला, "चांगदेवा, गवत मी थोडंच कापलंय."

मी म्हणालो, "भारा नीट बांधत जा. असा सुटतो."

रुग्णवाहिका तारेपर्यंत आली. दवाखान्यात त्याला दोन दिवस ठेवलं. गोळीचा असर लांबतो, साखर दिली तरी पुन्हा खाली जाते, म्हणून सलाईन चालू होतं. तो घरी आला तेव्हा म्हैस माझ्या दावणीला होती.

दिलशादनं झालेलं सगळं स्वतः डॉक्टरांना कळवलं, रिकाम्या पाकिटांसकट. कुशाबाईची गोळी बदलली. आमच्या गावची माहिती चाचणीतून काढून टाकली आणि इथलं काम थांबलं. दिलशादची त्या कामातली जागा गेली. घरोघरच्या कितीतरी फेऱ्या वाया गेल्या. मेहनत वाया जाते तेव्हा कसं वाटतं, ते मला ठाऊक आहे. लपवलं असतं तर कुणाला कळलं नसतं, असंही काही जण तिला म्हणाले. ती म्हणाली, त्या गोळीवर पुढं कुणीतरी भरवसा ठेवणार आहे.

दिवाळीनंतर अर्थशास्त्राचे लोक पुन्हा आले, कांद्याच्याच कामाला. त्यांनी दिलशादला बोलावलं. तिनं आधीच अट घातली, मी घरात बसून विचारणार, वेळ लागला तर लागू दे. त्यांनी ती कुरकुरत मान्य केली.

ती कुशाबाईकडं आली. चप्पल काढून चुलीपाशी बसली. हौशीराम दारात शेंगा फोडत होता, मी त्याच्याशेजारी. दिलशादनं विचारलं, गेल्या साली चाळीतला कांदा किती सडला?

कुशाबाईनं दिराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"चांगदेवभाऊ बसलेत म्हणून काय झालं," ती म्हणाली. "निम्मा सडला. आणि मागल्या खेपेला न्हाई सडला म्हणून सांगितलं व्हतं, ते बी खोडून टाक."