जिन्यात टांगलेला दोर

रेवदंड्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला लागून मला चार महिने झाले होते. तळा गावाहून आलेली, खोली घेऊन एकटी राहणारी, आणि वर्गात फजिती होऊ नये म्हणून प्रत्येक धडा दोनदा घोकून जाणारी अशी मी मॅडम होते.

बारावीला तरंगांचं परावर्तन शिकवायचं होतं. दोरीचं एक टोक मी खिडकीच्या गजाला घट्ट बांधलं आणि दुसरं हातात धरून वर झटका दिला. दोरीतला उंचवटा धावत गजापर्यंत गेला आणि खळगा होऊन परत आला. पोरं खूश झाली. मी सांगितलं, "दोरी गजाला वर ओढते, गज हलत नाही, तो तिला तेवढ्याच जोरानं खाली ओढतो. म्हणून उलटा."

मग मोकळ्या टोकाची पाळी. पुस्तकातल्यासारखी मी दोरी एका कडीला बांधली आणि कडी वर-खाली सरकावी म्हणून सळईत ओवली. सळई गंजलेली होती. कडी जागची हलेचना. मी झटक्यावर झटके देत राहिले आणि वर्ग हसत राहिला.

पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मोकळ्या टोकावरून तो सुलटाच येतो, हे तुम्ही बघितलंय?"

माझे कान गरम झाले. परीक्षेत दर वेळी 'सुलटा' लिहून मी मार्क मिळवले होते. बघितलं कधीच नव्हतं.

"नाही गं," मी म्हणाले.

नोटीस घेऊन आलेल्या शिपाईमावशी दारातच थांबून हे सगळं बघत होत्या. त्यांच्या घरी होडी होती, दोरांशी जन्माची ओळख. त्या म्हणाल्या, "टोक मोकलं पायजे न्? मंग दोर वरून सोडा. खालनं त्याला कोन धरतंय?"

इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मावशींनी घरून होडीचा जुना दोर आणला, अंगठ्याएवढा जाड. दुसऱ्या मजल्यावर उभं राहून मी तो जिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेत सोडला. पोरं पायऱ्यापायऱ्यांवर उभी राहिली. आधी मावशींनी खालचं टोक कठड्याला आवळून बांधलं. मी समुद्राच्या बाजूला झटका दिला. फुगवटा समुद्राच्या बाजूनं खाली गेला आणि वर्गांच्या बाजूनं, म्हणजे उलटा, वर आला.

"आता सोडा, मावशी!"

त्यांनी गाठ सोडली. मी पुन्हा तसाच झटका दिला. फुगवटा खाली उतरला, टोकाशी संथ झाला, आणि अडवायला कुणी नसल्यामुळे टोक चांगलंच बाहेर उसळलं. नेमके त्याच वेळी प्राचार्य जिना चढत होते. त्यांच्या हातातले कागद उडाले. पण माझं लक्ष दोराकडे होतं. फुगवटा समुद्राच्याच बाजूनं वर येत होता.

"सुलटा!" मी ओरडले. पोरांपेक्षा मोठ्यानं.

मग खाली बघितलं. प्राचार्य पायऱ्यांवरचे कागद गोळा करत होते. "काय चाललंय हे?" त्यांनी विचारलं. मी घाबरत घाबरत सगळं सांगितलं. ते वर आले. आता बोलणी बसणार, असं मला वाटलं. त्यांनी कागद माझ्या हातात दिले, शर्टाच्या बाह्या सारल्या आणि म्हणाले, "सरका जरा." ते इतिहासाचे होते.

त्यांचा पहिला झटका फसला. दुसरा छान गेला. तिसऱ्यानंतर तास संपल्याची घंटा द्यायला मावशी निघाल्या, तर प्राचार्यांनी हात वर करून थांबवलं. "दोन मिनिटं, मावशी. एकदा बांधून दाखवा, एकदा सोडून."

मावशींनी टोक उचललं आणि हसत हसत पुन्हा कठड्याला गाठ मारली.