हाराआधी काचपट्टी
झेंडूचा वास आला की माझं डोकं अजून सणकतं. नाशिकला एमएस्सी करताना मी द्राक्षावरच्या भुरी या बुरशीच्या बीजाणूंचे मायक्रोस्कोपमधून फोटो काढून कॉम्प्युटरवर त्यांचा आकार मोजायचे. दसऱ्याच्या पूजेसाठी माझ्या गाईड सरांनी मायक्रोस्कोपचा कॅमेरा काढून पुसला आणि परत बसवताना जोडणीचा अडॅप्टर दुसराच, चित्र जास्त मोठं करणारा लावला. "सर, आता स्केल नव्यानं सेट करावं लागेल," मी म्हटलं. "पूजा झालीय, आता छेडछाड नको. जुनंच स्केल राहू दे." महिन्यानं सगळ्यांसमोर तेच सर म्हणाले, "बीजाणू दुप्पट मोठे कसे? हिला साधं मोजता येत नाही." मी तिथेच मापाची काचपट्टी भिंगाखाली ठेवली. शंभर मायक्रॉनची रेघ पडद्यावर दोनशे भरली. सर म्हणाले, "मग आधी सांगायचं ना." आज माझ्या लॅबमध्ये ती पट्टी मोजल्याशिवाय मायक्रोस्कोपला हार चढत नाही.