पाया पडून मिटलेली तक्रार

आष्टी तालुक्यात सलग दुसऱ्या वर्षी पीक हाती लागले नाही, तेव्हा गावच्या दूध संस्थेने माळावर चारा छावणी उघडली. जनावरांबरोबर तिथे माणसेही राहायला आली, आणि ती बहुतेक म्हातारी होती. कर्ती माणसे ऊसतोडीला गेलेली. घराला कुलूप चालते; दावणीला माणूस लागतो.

कौशल्याबाई आपल्या गाभण गायीला, चंद्रीला, घेऊन आल्या होत्या. मुलगा उत्तरेश्वर आणि सून पार कर्नाटकाच्या हद्दीवर ऊस तोडत होते. परतल्यावर पावसाळ्यापर्यंत घर चालायचे ते चंद्रीच्या दुधावर. त्यामुळे गाय जगवणे आणि तिला सुखरूप विऊ देणे, एवढेच काम मुलाने आईवर सोपवले होते. पत्र्याच्या आडोशाला गोणपाट बांधून त्या गायीशेजारीच झोपत.

छावणीत पेंड वाटण्याचे काम गहिनीनाथकडे होते. एरवी तो संस्थेत दुधाची फॅट तपासत असे. एका सकाळी त्याने कौशल्याबाईंच्या पाटीत पेंडीचे माप अर्धवट ओतले. त्यांनी मापावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "भरून घाल बाबा. पोटुशी हाय ती." त्याने हातातले लोखंडी फावडे त्यांच्या मनगटावर हाणले. रांगेतल्या सगळ्यांनी ते पाहिले. हाड मोडल्याचा आवाजही काहींनी ऐकला.

अशा वेळी ठाण्यात जायची गावाची रीत नाही. ठाणे तालुक्याच्या गावी आहे. त्याआधी पोलीस पाटलाला सांगायचे. पाटलाला ओलांडून जो गेला, त्याला पुढे दाखला मागायलाही तोंड राहत नाही. कौशल्याबाईंनी त्रिंबक पाटलांना निरोप धाडला. त्रिंबक पाटील संस्थेच्या चेअरमनचे चुलतभाऊ. ते दुपारच्या आत आले, बाजेवर बसले, चहा घेतला.

"काकू, ठाण्यात जाताल, पन संगं कोन हाय?" ते मऊ आवाजात म्हणाले. "उत्तरेश्वरला बोलवावं लागंल. मुकादम त्याला सोडतोय व्हय? आन् उद्या संस्थेनं गायीचा छावणीतला बिल्ला काढला, तर बांधताल कुठं?"

मग त्यांनी गहिनीनाथला हाक मारली. तो आला आणि सगळ्यांदेखत वाकून कौशल्याबाईंच्या पाया पडला.

"चुकलं काकू. हात जरा जड पडला."

"त्याचा हात जड, आन् हिचा मोडका," शेजारच्या दावणीवरून केशरबाई म्हणाल्या. "झाली बरं का फिटंफाट."

कोणी हसले नाही. सगळे कौशल्याबाईंकडे पाहत होते. पायावर डोके ठेवणाऱ्याला वडीलधाऱ्या माणसाने 'असू दे' म्हणायचे असते. न म्हणणारी म्हातारी काळ्या काळजाची ठरते. तरुण बाईला कोणी मारले असते, तर तिच्या पाया पडून ते मिटले नसते. वयाचा मान म्हणून जे वाकणे असते, तेच इथे तक्रारीचे तोंड बांधायला वापरले गेले.

"असू दे बाबा," कौशल्याबाई म्हणाल्या.

हात गावच्या हाडवैद्याने बांधला. सरकारी दवाखान्यात गेले असते, तर कोणी मारले हे सांगावे लागले असते.

काही आठवड्यांनी शारदा गर्जे नावाची पाहणीची कार्यकर्ती छावणीत आली. गुन्ह्यांची पाहणी करणारे ठाण्याच्या नोंदींवर विसंबत नाहीत, कारण पुष्कळ गुन्हे तिथवर पोचतच नाहीत. ते थेट माणसांना विचारतात: गेल्या वर्षात तुमच्यावर काही गुन्हा घडला का, पोलिसांना कळवलेत का, ते आले का, तुमचे समाधान झाले का. कल्पना प्रामाणिक आहे. जे दडलेले असते ते विचारल्याने वर येईल, असा तिचा विश्वास असतो.

शारदाने प्रश्न विचारले तेव्हा गहिनीनाथ हाकेच्या अंतरावर पेंडीची पोती रचत होता. कौशल्याबाईंनी हात पदराखाली घेतला. "आमच्यावर कोन गुन्हा करतंय? म्हातारी मानसं आमी."

शारदाला पदराखालचे वाकडे मनगट दिसले होते. तिने वही मिटली आणि म्हणाली, "मावशी, गायीला पाणी दाखवायचं असेल ना? चला, मीही येते." हौदापाशी चंद्री पाणी पीत असताना कौशल्याबाईंनी सगळे सांगितले, मान खाली घालून, सलग.

"मग पोलिसांना कळवलं?"

"पाटलाला सांगितलं न्हवं."

पाहणीच्या सूचनांत पोलीस पाटलाला सांगणे हे पोलिसांना कळवणेच धरले होते, कारण गावात सरकारच्या वतीने तोच असतो. शारदाने वही उघडून 'होय'भोवती गोल केला. किती वेळात आले, या प्रश्नाला 'त्याच दिवशी' असे उत्तर होते. त्यावरही गोल झाला. गोल पडत गेले तशी तिची पेन्सिल मंदावली.

"आणि जे केलं, त्यानं तुमचं समाधान झालं का?"

कौशल्याबाईंनी गायीच्या पाठीवर डावा हात फिरवला.

"मी 'असू दे' म्हनले की चारचौघात. आता न्हाई म्हनले तर माझा शब्द काय ऱ्हायला?"

"तुमच्या मनात काय आहे ते सांगा. नाव कुठंच जात नाही."

"नाव जात न्हाई, पन तू माझ्यापाशी उभी हायेस, ते त्याला दिसतंय." त्यांनी पोत्यांकडे पाहिले नाही. "बाई, आत्ता हाय म्हनून लिव. गाय व्याली, आमी घरी गेलो, की मंग ये. तवा खरं सांगते."

"मावशी, आम्ही एकदाच येतो."

"एकदाच?" त्या जरा हसल्या. "मंग गाभण गायीच्या वक्ताला कावून आलीस?"

उत्तर देणारी व्यक्ती म्हणेल तेच नोंदवायचे, असा नियम होता. शारदाने 'समाधानी'भोवती गोल केला. तक्रार केली, पोलीस त्याच दिवशी आले, समाधान झाले. त्या पाहणीत साठीपुढच्या स्त्रिया पोलिसांबाबत सर्वांत समाधानी निघाल्या. या निष्कर्षात एकही उत्तर खोटे लिहिलेले नव्हते.

चंद्री छावणीतच व्याली. पुढे छावणी उठली, उत्तरेश्वर आणि सून परतले. कौशल्याबाईंचा उजवा हात धार काढण्याच्या कामाचा राहिला नव्हता. सून धार काढी, आणि चरवी डाव्या हातात घेऊन त्या संस्थेत दूध घालायला जात. गावात दूध घेणारी दुसरी संस्था नव्हती. काट्यामागे गहिनीनाथ बसलेला असे.

दसऱ्याला सोने वाटायला तो दारोदार फिरला. कौशल्याबाईंच्या ओट्यापाशी आला, तेव्हा केशरबाई आणि आळीतल्या चार बायका बसल्या होत्या. त्यांच्यादेखत तो आपट्याची पाने देऊन वाकला.

कौशल्याबाईंनी दोन्ही पाय मागे घेतले आणि लुगड्याखाली झाकले.

तो वाकलेलाच राहिला. मग हसून म्हणाला, "काकू, आजून राग हाय व्हय?"

"हाय," कौशल्याबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांची चरवी काट्यावर ठेवली गेली नाही. "फॅट लागंना," गहिनीनाथ म्हणाला, आणि पुढच्या बाईचे भांडे ओढून घेतले. कौशल्याबाई दूध घेऊन घरी आल्या. उत्तरेश्वरने काय झाले ते विचारले, आणि ऐकल्यावर तो भिंतीला टेकून बसला.

"आई, जाऊन एकदा 'असू दे' म्हनून ये. एका शब्दाचं काम हाय."

सुनेने दूध विरजण लावायला आत नेले. संध्याकाळी पुन्हा धार निघाली, आणि पुन्हा चरवी भरून ओट्यावर आली. कौशल्याबाई तिच्याशेजारी बसून राहिल्या. उठून संस्थेकडे मात्र गेल्या नाहीत.