समुद्रात नेटवर्क नसतं

माझा काका गेला तेव्हा मी सूट घालून लॉबस्टर खात होतो.

आणि तो जाणार, हे मला आदल्या दिवसापासून माहीत होतं.

आज वर्ष झालं.

गेल्या वर्षी मी इथे क्रूझचे फोटो टाकले होते. गॅल्व्हेस्टनहून सात रात्री, तीन पिढ्या, सगळ्यांचे सारखे निळे टी-शर्ट. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी 'फॅमिली गोल्स!' लिहिलं होतं. त्या फोटोंबद्दल थोडं सांगायचं राहिलं.

बाळकाका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. मिरजेला असायचा. बाबा आमच्याकडे अमेरिकेत, शुगर लँडला राहायला आल्यापासून दोघांचा रोज एक फोन. आमची संध्याकाळ, त्याची पहाट. विषय एकच.

"काय जेवलास दादा?"

"पालकाची भाजी."

"तिकडचा पालक कसला, रबर तो. चावून चावून दात जातील."

"तू काय खाल्लंस?"

"अजून तोंडसुद्धा धुतलं नाहीये. तुझ्यासाठी उठलोय."

पाच मिनिटं. बास. दुसऱ्या दिवशी पुन्हा पालक.

बोटीवर चढल्यावर मी बाबांचा फोन बंद करून केबिनच्या कपाटात ठेवला. "समुद्रात नेटवर्क नसतं बाबा. उगाच रोमिंग लागेल."

बाबांनी विश्वास ठेवला. मी इंजिनियर ना.

वाय-फाय होतं. माझ्या फोनवर. मला ऑफिसचे मेल बघायचे होते आणि तुमच्यासाठी फोटो टाकायचे होते.

मग बाबा रोज काय जेवलो ते लिहून ठेवायला लागले. केबिनमध्ये कार्यक्रमांचं पत्रक यायचं, त्याच्या कोऱ्या बाजूला, तारीख घालून. "बाळ्याला सगळं एकदम वाचून दाखवतो. जळेल."

पाचव्या दिवशी कोझुमेल बेटावर उतरायच्या रांगेत असताना काकाच्या मुलीचा, मंजिरीचा मेसेज आला. काकाला आयसीयूत हलवलंय. डॉक्टर म्हणतात, फार आशा धरू नका.

पाठोपाठ ग्रुप.

आमच्या घराण्यात कोणी गंभीर आजारी पडलं की एक नवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघतो. ज्याला सगळ्यात आधी कळायला हवं, त्याला वगळून. ह्याचं नाव होतं 'मोठ्या काकांना नको'. बारा सभासद. कमालीचं एकमत.

"त्यांचं बीपी."

"पोचणार तर नाहीतच. कशाला त्रास?"

"क्रूझ होऊ दे. दोन-तीन दिवसांचा तर प्रश्न आहे."

मी अंगठा दिला.

सगळी कारणं खरी होती. माझं कारण त्यांत नव्हतं. मला तीन वर्षांनी सुट्टी मिळाली होती आणि उरलेले दोन दिवस मला हवे होते. इतकंच.

सहाव्या दिवशी, दुपारच्या जेवणाआधी, मंजिरीने ऑडिओ पाठवला. मी पूलपाशी इअरफोन लावून ऐकला. आधी मशीनचा आवाज. मग काकाचा, मास्कमधून.

"दादाला फोन दे रे. पाच मिनिटं."

दादा माझ्या शेजारच्या खुर्चीत होता. डोक्यावर हॅट, मांडीवर कागद. "ह्याला काय म्हणतात रे? नाचोज? थांब, लिहितो."

मी मंजिरीला टाइप केलं, "इथे नेटवर्क नाहीये गं."

व्हॉट्सअ‍ॅपवर. दोन निळ्या टिक्स आल्या.

ती म्हणाली, "बरं."

माझी मुलगी इरा, पंधरा वर्षांची, मागून बघत होती. ऑडिओखालचा मंजिरीचा मेसेज तिने वाचला होता: 'बाबा मोठ्या काकांशी बोलायचं म्हणतायत.'

"डॅड, जस्ट गिव्ह हिम द फोन."

"इरा, आपल्याकडे असं एकदम सांगत नाहीत. तुला नाही कळायचं."

"बट ही आस्क्ड. इट्स हिज ब्रदर."

मी म्हटलं, जा, स्लाइडवर जा. ती गेली नाही. दिवसभर आजोबांना चिकटून बसली आणि माझ्याशी बोलली नाही.

त्या संध्याकाळी फॉर्मल डिनर. लॉबस्टर आला आणि मांडीवर फोन थरथरला. मंजिरीचा मेसेज. "बाबा गेले."

मी नॅपकिनने स्क्रीन झाकली.

तेवढ्यात वेटर लोक नाचत आले. सगळ्यांनी नॅपकिन फिरवायचे असतात. बाबांनी फिरवला, लहान मुलासारखा. मीही फिरवला. व्हिडिओ इथेच आहे. खाली स्क्रोल करा.

तरी मी आणखी एक दिवस काढला. पूर्ण एक दिवस.

घरी आलो. बाबांची आंघोळ झाली, चहा झाला. संध्याकाळी ते सगळे कागद क्रमाने लावून फोनची वाट बघत बसले. तेव्हा सांगितलं.

"कधी?"

"परवा. आपण बोटीवर होतो."

त्यांनी कागदांची घडी घातली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुला तरी कसं कळणार. समुद्रात नेटवर्क नसतं."

मी म्हटलं, "हो."

ते उठले आणि पुन्हा आंघोळीला गेले. सुतकाच्या.

गेलं वर्षभर ती वेळ झाली की बाबा फोन घेऊन खिडकीशी बसतात. बातम्या बघतो म्हणतात. फोन बंद असतो.

ते वरच्या खोलीत आहेत. माझी प्रत्येक पोस्ट सगळ्यात आधी तेच वाचतात, आणि हात जोडलेला इमोजी टाकतात. विनोदी असली तरी.

समोर बसून सांगायची हिंमत असती तर हे लिहिलं नसतं. वर्षभर मी जिन्यापर्यंत जाऊन परत आलोय.

तो ऑडिओ माझ्याकडे आहे. अकरा सेकंदांचा. त्यांच्यासाठी होता.

बाबा, नेटवर्क होतं.

बाळकाका, तुझी ती पाच मिनिटं मी खाल्ली. श्रद्धांजली वाहायचा हक्क माझा नाही, तुझ्या दादाचा आहे. फोन घेऊन त्यांच्याकडे वर चाललोय.