चुरीच्या पोटाची ऊब

उष्णता नेहमी गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. या नियमापुढे राजा आणि रंक सारखेच. मेजरसाहेबांनी आम्हाला हे सांगितलं तेव्हा ते बुखारीशेजारी बसले होते आणि आम्ही दाराशेजारी.

चौकी अठरा हजार फुटांवर होती. नाव लिहीत नाही. माणसं सात, बुखारी म्हणजे रॉकेलची शेगडी एक. मी नाईक होतो, सातारा जिल्ह्यातला. माझ्यासोबत लान्स नाईक दिगंबर चुरी. गाव वाणगावजवळ, घरी चिकूची वाडी.

उघड्या हातानं लोखंडाला शिवायचं नाही, हा तिथला पहिला धडा. शिवलं तर कातडी लोखंडाला चिकटून राहते. लाकडी खोकं आणि लोखंडी पहार एकाच तंबूत, सारख्याच थंडीत पडलेली असतात. पण पहार हातातली ऊब झटक्यात ओढून घेते, लाकूड सावकाश घेतं. चुरीनं यावर इलाज काढला. सुट्टीवरून येताना त्यानं सुंभाची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या दोरीची, मोठी गुंडाळी आणली आणि किटलीचा कान, फावड्याची मूठ, जेरीकॅनची कडी अशा सगळ्याला वेढे दिले. सुभेदारसाहेब इन्स्पेक्शनला आले. म्हणाले, "ये चौकी है या नारियल की दुकान?"

चुरी सावधानमध्ये उभा होता. "साब, दोनों."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतःचा मग पाठवला. निरोप काही नव्हता. चुरीनं कानाला सुंभ गुंडाळून परत केला.

संध्याकाळी तो गावची दुपार सांगायचा. मे महिन्यात किनाऱ्याची कोरडी वाळू इतकी तापते की पाय ठरत नाही. ओली रेघ लागेपर्यंत पळायचं आणि तिथं पाय टेकायचे. "नाईकसाहेब, तुमी एकदा याच, मे महिन्यात," तो म्हणायचा. आम्ही सहा जण ते जेवणासारखं ऐकायचो.

त्या वर्षीच्या मे महिन्यातली गस्त. चार जण 0800 ला निघालो. 1340 ला बर्फाचा पापुद्रा फुटला आणि माझे दोन्ही पाय खालच्या पाण्यात गेले. बाहेर काढले तोवर मोजे पत्र्यासारखे कडक होऊ लागले होते. चौकी तीन-चार तासांवर. चुरीनं माझे बूट-मोजे उतरवले, स्वतःचं जॅकेट, स्वेटर, बनियन वर केलं आणि माझी पावलं उघड्या पोटावर धरली.

"सोड. गोठशील," मी म्हणालो.

"गप बसा. माझ्याकडं पंचवीस मे महिन्यांचा साठा हाय."

मी वायरलेसवर बोललो. "बेस, चार्ली. एक जवान, दोनों पैर भीगे. ओवर."

"चार्ली, बेस. मौसम बंद, हेलिकॉप्टर नहीं. चलकर आओ. ओवर."

पाय पन्नास मिनिटं त्याच्या पोटावर होते. मग कोरडे मोजे, त्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्या, वर बूट. 1850 ला चौकीवर पोचलो. तेव्हा कळलं की चुरीला दोन दिवस धाप लागत होती आणि गस्तीतून नाव कापतील म्हणून बोलला नव्हता. रात्री छाती वाजायला लागली. ऑक्सिजन दिला. 0510 ला तो गेला. हेलिकॉप्टर 0925 ला आलं.

डॉक्टर म्हणाले, उंचीमुळे छातीत पाणी झालं, तुझ्या पायांचा संबंध नाही. नंतर मी त्यावर बरंच वाचलं. डॉक्टरांचं बरोबर आहे. माझे पाय वाचले, सात बोटांची जाणीव तेवढी गेली. पण त्याची ऊब कुठं गेली ते मला ठाऊक होतं आणि त्याच्या आईला ठाऊक नव्हतं.

पेन्शनीत आल्यावर मी वाणगावशेजारच्या बोईसरला एका कारखान्यात लागलो. खोली तिथल्याच सरावली गावात. काम वाफेच्या पाइपांना काचेची लोकर गुंडाळण्याचं आणि त्यावर पत्रा मढवण्याचं, म्हणजे लॅगिंगचं. गावाकडचे विचारतात, इतक्या लांब कशाला? मी म्हणतो, पगार बरा आहे. पगार बेताचाच आहे. एखादा व्हॉल्व्ह नीट गुंडाळून झाला की अजूनही मी कुणाला तरी दाखवायला मागं वळतो.

चुरीच्या गावात त्याचं स्मारक आहे. थंडीच्या मुलखात गेलेल्या माणसासाठी गावानं प्रेमानं काळा ग्रॅनाइट निवडला, कारण तो चमकतो. चौथऱ्यावर चढताना चपला खाली काढायच्या. कार्यक्रम मे महिन्यात, पाहुणे येतील तेव्हा, म्हणजे भर दुपारी. त्याची आई दरवर्षी चौथऱ्यावर ओली गोणपाटं अंथरायची. यंदा फोटोत वाईट दिसतात म्हणून स्मारक समितीनं ती उचलून ठेवली.

पाहुण्यांना दीड तास उशीर होता. आई वाडीत चिकू पुसत बसली होती. शेजारी बसून मी अकरा वर्षं राहिलेलं सांगून टाकलं. पाणी, पोट, पन्नास मिनिटं, सगळं. तिचा हात थांबला नाही.

"त्याचं पोट पयल्यापासून गरम," ती म्हणाली. "थंडीत बहिणी त्यालाच चिकटून निजायच्या. त्यांचे पाय म्हंजे बर्फ. तो कवा कोणाला नाय बोलला नाय."

पुढचा चिकू पुसत तिनं विचारलं, "बोटांना कळतं का आता?"

"सात बोटांना नाही."

"भाजलं तरी?"

"तरी."

ती उठून विहिरीकडे गेली.

1215 ला पाहुणे आले. म्हणाले, या शिळेवर उभं राहिलं की हुतात्म्याची ऊब थेट काळजापर्यंत पोचते. चपला काढलेल्या होत्या, त्यामुळे विधान खरं होतं. पुढची वाक्यं लहान होत गेली. मग दोन मिनिटांचं मौन. विसाव्या सेकंदाला लोक पाय बदलू लागले. चाळिसाव्याला पुढची अख्खी रांग आंब्याच्या सावलीत होती.

मी दोन मिनिटं पूर्ण उभा राहिलो. लान्स नाईक दिगंबर चुरी, वय पंचवीस. नंतर समितीच्या अध्यक्षांनी माइकवरून माझ्या फौजी शिस्तीचं कौतुक केलं.

माझ्या पायांखाली ओलं गोणपाट होतं. मौन सुरू होताना आईनं सरकवलं होतं.